अवसेच्या उधाणाआधी

निवृत्त माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. आता वेळ कसा जातो, आणि नोकरी कुठे होती. दुसऱ्या प्रश्नाला मी "बांधांवर" असं उत्तर देतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच एखादं धरण उभं राहतं, त्याचे लोखंडी दरवाजे, फेसाळणारं पाणी, उद्घाटनाला आलेले मंत्री. मी त्याला थोडा वेळ तसाच राहू देतो. मग सांगतो, की बाबा रे, माझे बांध चिखलाचे. उंची जेमतेम पुरुषभर. त्यांच्यावरून चालताना मंत्र्यांचे बूट राहू देत, माझ्याच किती चपला आत राहिल्या त्याचा हिशेब नाही.

मी सरकारी ओव्हरसिअर होतो. गावातले लोक 'ओरशेर' म्हणायचे. माझा स्वतःचा गाव लाटंबार्से, डोंगरातला. आमच्याकडे पाणी वरून खाली येतं आणि निघून जातं, एवढंच मला ठाऊक. पेडणे तालुक्यात नदीकाठी बदली झाली तेव्हा पहिल्यांदा कळलं, की पाणी खालून वरही येतं, तेही दिवसातून दोनदा, आणि त्याला कुणी बोलावलेलं नसतं.

खाजन म्हणजे काय, हे गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. नदीच्या मुखाजवळची ही सखल शेतं. भरतीला नदी समुद्राच्या पाण्याने फुगते, आणि शेतं त्या पाण्याच्या पातळीखाली. मधे बांध नसेल तर तिथे खेकडे आणि तिवरं याखेरीज काही पिकायचं नाही. म्हणून पूर्वजांनी चिखलाचे बांध घातले आणि त्यांत 'मानस' बसवली. मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरती आली की झडपा पाण्याच्या रेट्यानेच मिटतात, ओहोटीला आतलं पाणी रेटा देतं आणि उघडतात. वीज नको, शिपाई नको. सरकारी खात्यात इतकं नेमाने काम करणारं दुसरं काही मी बघितलं नाही. बांधाला वैरी दोन, उधाण आणि खेकडा. खेकडे बांधात बिळं करतात. लोक अनवाणी चालत, पायाला मऊ लागेल तिथे थांबत आणि बीळ बुजवत. सापडलेला खेकडा हुमणात, म्हणजे कालवणात जायचा आणि त्याच्या बिळाची तक्रार माझ्या ऑफिसात यायची.

ज्या वर्षाबद्दल लिहितोय ते गोवा राज्य झाल्यानंतरचं. ऑफिसच्या पाटीवर 'राज्य' हा शब्द नव्याने रंगवला होता, त्याची ऐट आम्हांला होती. भाषेचा वादही अजून शमला नव्हता. माझ्या हाताखालच्या एका नदीकाठच्या गावात मराठीवाल्यांचं चहाचं दुकान वेगळं, कोकणीवाल्यांचं वेगळं. दोन्ही दुकानांत भांडण मात्र एकाच बोलीत व्हायचं. पावसाळ्याच्या तोंडावर चक्रीवादळ आलं आणि त्याने दोन्ही दुकानांची छपरं सारख्याच निष्पक्षपणाने उडवली.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत.

वादळानंतर मी तिथे पोचलो तेव्हा रस्ता माडांनी अडवलेला होता. घरांच्या भिंती होत्या, वर आभाळ होतं. मदत यायला लागली होती. कुठल्याशा भल्या लोकांनी लोकरीच्या स्वेटरांचं एक गाठोडं पाठवलं होतं. मे महिन्याच्या घामात बायका ते उलगडून बघत होत्या आणि एवढ्या दुःखातही हसत होत्या. ताडपत्र्या आल्या, दुधाची पावडर आली, पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर उंडे घेऊन आला. लोक छपरं शाकारायला लागले. माणूस फार चिवट असतो, हे मी तिथे बघितलं.

पण माझं लक्ष छपरांकडे नव्हतं. बांध फुटला होता.

फुटला म्हणजे मधोमध भगदाड पडलं होतं, बैलगाडी आडवी जाईल एवढं. दर भरतीला त्यातून नदी आत येत होती आणि शेतात पसरत होती. शेताच्या कडेला खालचा वाडा. त्या वाड्याला पिण्याच्या पाण्याची विहीर एकच, शेवंतीकाकीच्या अंगणाच्या टोकाला. काकी विधवा बाई, घरात मुलगा आणि नुकतीच बाळंत झालेली सून. मला बघताच काकीने विहिरीतून बालद ओढली, तांब्या भरला आणि पुढे केला.

"पियेवन पळयात, सायबा."

मी घोट घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"खारें लागता?"

"थोडं मचूळ आहे," मी म्हटलं.

"काल इतलें नाशिल्लें," ती म्हणाली. "बाळंतिणीक उदक जाय. वाड्यार भुरगीं आसात. आमी खंय वचूं?"

बाळंतिणीला, पोरांना पाणी हवं, आम्ही जायचं कुठे, हा तिचा प्रश्न; आणि मला जे ठाऊक होतं ते तिच्या तोंडावर सांगणं कठीण होतं. भरतीही दोन जातींची असते. अष्टमीच्या सुमाराला येते ती दुबळी, तिला कोकणात भांगाची म्हणतात. अवसेला आणि पुनवेला येते ते उधाण. आम्ही भांगाच्या दिवसांत होतो, म्हणून पाणी विहिरीच्या कठड्यापर्यंत पोचत नव्हतं, नुसतं जमिनीतून झिरपत होतं. अवसेचं उधाण त्या भगदाडातून आत आलं असतं तर कठडा बुडवून गेलं असतं. मग ती विहीर पुढचे कित्येक पावसाळे कुणाच्या उपयोगाची राहिली नसती आणि शेतंही गेली असती. भगदाड बुजवायचं तर भांगातच, ओहोटीच्या वेळी. अवस पुढ्यात होती.

मी बांधावर माणसं बोलावली. सगुण नावाचा एक म्हातारा होता, बांधाची कामं वाटून द्यायचा मान त्याच्या घराण्याचा. अंगाने काटकुळा, आवाज मात्र पलीकडच्या तीरावर पोचणारा. सगुण आला, त्याच्यामागून वाड्यावरचे पंधरावीस गडी आले. खोरी होती, पाट्या होत्या, पडलेले माड होते, विणलेले झाप होते. कामाला सगळं होतं. पण कुणी चिखलाला हात लावेना.

"काय झालं, सगुणकाका?"

सगुणने भगदाडाकडे बोट केलं. "थंय राखणदाराचो फातर आशिल्लो."

तेव्हा मला आठवलं. बांधाच्या मधोमध एक ओबडधोबड दगड होता, शेंदूर लावलेला. बांधाचा राखणदार, देवचार. दरवर्षी दुरुस्तीचं काम काढायच्या आधी त्याला रोट द्यायचे, गाऱ्हाणं घालायचे, मगच पहिली पाटी. बांध नेमका त्या दगडाखाली फुटला होता आणि दगड नाहीसा झाला होता.

"सायबा," सगुण म्हणाला, "तो आतां बांदाच्या भितर आसा काय भायर, तें कळपाक जाय. आमी बांद घातलो आनी तो न्हंयच्या बाजून भायर रवलो जाल्यार? ज्याणें पयलो गोळो घालो, ताच्या घरांत मरण येतलें."

"राखणदार नदीकडे बाहेर राहिला तर पहिला गोळा टाकणाऱ्याच्या घरात मरण, असं ना? मग देवाला विचारा. कौल घ्या."

आमच्याकडे हीच रीत. ग्रामदेवतेच्या मूर्तीला उजव्या-डाव्या अंगाला पिटकोळीच्या फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या, ओलाव्यानेच त्या धरून राहतात, मग प्रश्न मांडायचा आणि थांबायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कळ्या लावायचा हक्क फक्त गुरवाचा.

"गुरवाक सुतक," सगुण म्हणाला.

गावचा गुरव पुरसो. वादळाच्या दिवशी त्याची म्हातारी आई वारली होती. गावात गुरवांची दोनच घरं, दोन्ही एका भावकीची, म्हणजे सुतक दोघांनाही. सुतकात देवळाची पायरी चढायची नाही. आणि सुतक फिटणार होतं अवसेनंतर.

शेजारच्या गावचा गुरव आणला तर? मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर कळलं की विचारायला नको होतं. दुसऱ्या गावचा गुरव आमच्या देवाला कळ्या लावणार? लोकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना दुसऱ्याच्या बायकोबरोबर फेरे घ्यायला सांगितलंय.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी विहिरीवर जायचो, तांब्याभर पाणी प्यायचो. मचूळपणा वाढत होता. जीभच दगा देतेय असं वाटून मी पुन्हा चाखायचो. घरी जेवताना आमटीही खारट लागायची आणि मी बायकोवर उगाच खेकसायचो.

डिचोलीच्या बाजूला माझी थोडी ओळख होती. पाळीकडच्या खाणपट्ट्यातल्या एका ट्रकवाल्याने दया येऊन मातीचे दोन ट्रक पाठवले. लाल, सुंदर माती. बांधावर ट्रक चढणार नव्हताच, म्हणून टोकाला ओतली आणि ड्रायव्हर-क्लिनर मिळून ती भगदाडात लोटली. माती कसली, पाण्यात साखर पडावी तशी विरघळली, आणि संध्याकाळपर्यंत नदी तांबडी दिसत होती. खाजनाच्या बांधाला खाजनाचाच काळा, चिकट चिखल लागतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण बुडणारा माणूस काडी धरतो, मी दोन ट्रक धरले.

मग सावंतवाडीकडची एक टोळी आणली. मजूर बाहेरचे, त्यांना या गावच्या राखणदाराचं काय, असा माझा हिशेब. टोळीचा मुकादम बांधावर आला, कंबर कसली आणि वाड्यावरच्या माणसांशी दोन शब्द बोलला. परत आला तेव्हा त्याने डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतला होता.

"सायबानू," तो म्हणाला, "आमच्या गावातव राखणदार आसा. तेका इचारल्याबिगर ह्यो चिखल आमी उचलूचो नाय. दुसरा काय काम आसात तर सांगा."

त्या टोळीने मग दोन घरं शाकारून दिली आणि ती निघून गेली. राज्याची हद्द माणसांना असते, देवचारांना नसते हे मला कळायला हवं होतं.

आमचे इंजिनिअर साहेब भले माणूस. म्हणाले, "गावस, तुम्हीच का पहिली पाटी टाकत नाही? सरकारी काम म्हणून." सल्ला बरोबर होता. आणि मी तो मानला नाही. एक तर मी परगावचा, मला मान नाही, माझ्या पाटीमागून गावाने पाटी टाकली नसती. पण हे कारण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की माझ्या घरात दोन लहान मुलं होती आणि मीही याच मातीतला. ऑफिसच्या खुर्चीवर बसून मी कशालाच भ्यायचो नाही. त्या भगदाडाच्या तोंडाशी उभा राहिलो की भ्यायचो.

शेवटी पुरसोच्या घरी गेलो. तो पडवीत बसला होता, दाढी वाढलेली, खांद्यावर पंचा. वय असेल पंचेचाळीसच्या आसपास. बोलणं हळू, समोरच्याचं ऐकून घेण्याची सवय. माझ्यापासून लांब सरकून बसला, मला विटाळ नको म्हणून.

मी सगळं सांगितलं. विहीर, अवस, बाळंतीण. त्याला ते माहीतच होतं, गाव केवढासा.

"माका देवळाक वचूं नज, सायबा," तो म्हणाला. "कौल कसो लावूं?"

"देव समजून घेणार नाही?"

"देव घेतलो. गांव घेवचो ना."

देव समजून घेईल, गाव घेणार नाही. मी उठलो. पडवी उतरताना त्याने मागून विचारलं, "उदक कितलें खारें जालां?"

"काल मुलं थुंकत होती," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी बांधावर गेलो ते केवळ घरी बसवेना म्हणून. सगुण आणि त्याचे गडीही आले होते, तेही तसेच. आम्ही सगळे भगदाडाकडे बघत उभे होतो, एखाद्याच्या शेवटच्या घटकेला अंगणात उभं राहावं तसे. तेवढ्यात पुरसो आला. उघडाबंब, कंबरेला पंचा, हातात खोरं. माणसं बाजूला झाली, त्याचा स्पर्श नको म्हणून. तो त्या मोकळ्या वाटेने भगदाडाच्या तोंडाशी गेला.

"पुरसो, अरे, तुका सुतक!" सगुण ओरडला.

पुरसो वळला. "देवळाक उंबरो आसा, सगुणकाका. बांदाक उंबरो खंय आसा? चिखलाक सुतक ना."

त्याने दोन्ही पाय चिखलात रोवले.

"मरण येवपाचें तें माज्या घरांत येवन गेलां," तो म्हणाला. "पयलो गोळो हांव घालतां. येतलो तो माजेर येतलो."

राखणदार आला तर त्याच्यावर येणार होता, पण त्याच्याही घरात बायको होती, मुलगी होती. सगळ्यांना ते माहीत होतं. त्याने चिखलात खोरं घातलं, मोठं ढेकूळ कापलं, दोन्ही हातांनी उचललं, नदीकडे तोंड करून तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं घातलं आणि ढेकूळ भगदाडात टाकलं. ओहोटीच्या पाण्यात ते गडप झालं. मी श्वास धरून होतो. काय व्हायचं होतं ते मला ठाऊक नव्हतं, तरी धरून होतो.

मग सगुणने पंचा कंबरेला आवळला.

बांधाचं काम ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो. आधी माडाचे खांब तळात ठोकायचे, दोन रांगांत. त्यांच्यामधे झाप उभे करायचे आणि पोटात चिखल भरायचा. गडी एका रांगेत उभे राहतात, ढेकूळ हातातून हातात जातं. थांबायचं नाही, कारण ओहोटी थांबत नाही. पण पुरसोच्या हातातून कुणी ढेकूळ घेणार नव्हतं. म्हणून तो एकटा पुढे पाण्यात उभा राहिला, छातीएवढ्या पाण्यात, आणि रांगेतला शेवटचा माणूस ढेकूळ त्याच्याकडे फेकायचा. तो झेलायचा, बसवायचा आणि पायाने दाबायचा. ते सगळ्यांत धोक्याचं काम होतं, आणि ते त्याच्याकडे आपसूक आलं.

लागोपाठ दोन दिवस असं चाललं, ओहोटीमागून ओहोटी. मराठीवाला चहा आणि कोकणीवाला चहा एकाच किटलीतून यायला लागला. भगदाडाचं तोंड अरुंद होत गेलं तसा पाण्याचा जोर वाढत गेला. शेवटच्या दिवशी, तोंड दरवाजाएवढं उरलं असताना, पुरसोचा पाय सुटला. पाण्याने त्याला खांबावर आपटलं आणि तो दिसेनासा झाला. रांग जागच्या जागी थिजली. सगुणने उडी घातली. म्हातारा माणूस, पण त्याने पुरसोचं मनगट धरलं आणि त्याला खेचून खांबाला टेकवलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "सगुणा, शिवलो रे ताका!"

"न्हातलों रे घरा वचून!" सगुण गरजला. "पयलीं न्हावपाक गोड उदक उरूं दी!"

त्यानंतर कुणी अंतर पाळलं नाही. पुरसोच्या हातातून ढेकळं घेतली, त्याला ढेकळं दिली, त्याला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. ओहोटी संपायच्या आत तोंड मिटलं.

अवसेच्या भर दुपारी उधाण आलं. अख्खा गाव बांधावर. पाणी चढत होतं आणि नवा चिखल अजून ओला. एका जागी पाझर फुटला, बायकांनी पदरात चिखल आणून तो दाबला. शेवंतीकाकी माझ्या शेजारी उभी होती आणि तिने माझा दंड धरला होता, स्वतःच्या नकळत असावा. बांधाच्या माथ्याला वीतभर शिल्लक असताना पाणी थबकलं. थबकलं, तसंच राहिलं आणि मग ज्या मंदपणे चढलं होतं त्याच मंदपणे उतरायला लागलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक बांधावरच खाली बसले.

इथेच संपवायला मला आवडलं असतं. ऑफिसात मी तेवढंच सांगितलं होतं.

पाऊस लागला, पहिल्या सरींनी शेतातलं मीठ धुऊन नेलं, विहीर निवळली. पण सगुण आजारी पडला. ताप उतरेना, पाय सुजले, अन्न जाईना. डॉक्टर म्हणाले, घाण पाण्यात दिवसच्या दिवस उभा होता, संसर्ग झाला, गोळ्या देतो. सगुण गोळ्या घ्यायचा, पण त्याला वाटायचं ते वेगळंच. मी भेटायला गेलो तर माझा हात धरून म्हणाला, "हांव ताका शिवलों, सायबा. सुतक घेवन बांदार रवलों. राखणदार माका सोडचो ना." डोळे खोल गेले होते. तापापेक्षा भयच त्याला खात होतं. आणि गावात कुजबुज सुरू झाली होती. कुणी म्हणे पुरसोने विटाळ केला, कुणी म्हणे सगुणने, मान त्याचा आणि रीत त्यानेच मोडली. सगुणच्या घरी कुणी पाणी पीत नव्हतं. ज्यांच्या विहिरीसाठी त्याने उडी घातली होती, तेही नव्हते पीत. मला याचा फार राग आला आणि तो मी कुणावर काढू शकलो नाही.

पुरसोचं सुतक फिटल्यावर देवळात कौलाला गाव जमला. मी सभामंडपात एका खांबाला टेकून बसलो. सगुणला मुलांनी खुर्चीत घालून आणला होता. पहिला प्रश्न राखणदाराचा. नवा दगड नव्या बांधावर बसवावा का? पुरसोने कळ्या लावल्या. उजवी कळी चटकन पडली. लोकांनी हात जोडले.

मग एका वडीलधाऱ्याने दुसरा प्रश्न मांडला. बांधावर दोष घडला का, आणि घडला तर कुणाकडून? प्रश्नाला हो-नाहीचं वळण द्यावं लागतं. पुरसोने ते स्वतःच दिलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हांवें सुतकांत बांद हातीं धरलो. दोश माजो एकट्याचो, दुसऱ्या कोणाचोच ना, अशें आसा जाल्यार उजवी दी."

त्याने कळ्या भिजवल्या, लावल्या आणि मागे सरला. उधाणाच्या वेळी मी घाबरलो होतो, पण पाण्याचं गणित तरी मला येत होतं. इथे मला काहीच येत नव्हतं. उजवी पडली तर पुरसो दोषी, डावी पडली तर दोष कुणाचा हे शोधत गाव पुन्हा त्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यापाशी जाणार. दोन्हीकडून खड्डाच.

उजवी पडली.

वर्षभर पुरसोने गाभाऱ्यात पाऊल टाकायचं नाही, कळ्या त्याचा चुलतभाऊ लावील, असं ठरलं. पुरसोने मान डोलावली, पंचा सावरला आणि पायऱ्या उतरला. सगुण खुर्चीत रडत होता. पण त्याच्या तोंडावरची ती काळी छाया गेली होती, हे मी बघितलं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तो ओसरीवर बसून पेज जेवत होता आणि सुनेला मीठ कमी पडलं म्हणून बोलत होता. गोळ्यांनी की कौलाने, मला विचारू नका.

त्या दिवशी मात्र मी पुरसोच्या मागून धावलो. पाऊस कोसळत होता. त्याला वाटेत गाठलं आणि मनातली सगळी जळजळ ओकली. तुझ्यामुळे गाव वाचला, म्हटलं, आणि देवाने हा न्याय दिला? असा कसला देव तुमचा?

तो थांबला. माझी छत्री वाऱ्याने उलटली होती, ती त्याने माझ्या हातातून घेतली, सरळ केली आणि परत दिली.

"देवाक बोल लावूं नाकात, सायबा," तो म्हणाला. "उजवी कळी हांवें सुकी लायिल्ली. ती पडपाचीच आशिल्ली."

सुकी कळी चिकटून राहत नाही, ती पडणारच होती, हे उमगायला मला क्षणभर लागला.

"देवाक हांवें विचारलेंच ना," पुरसो म्हणाला. "गांवाक जें जाय आशिल्लें, तें दिलें."

देवाला न विचारता, गावाला हवं होतं ते देऊन तो पावसातून घरी गेला. गाभारा वर्षभर बंद झालेला तो माणूस, दर सोमवारी देवळाच्या बाहेर, पायरीखाली उभा राहून हात जोडताना मी अनेकदा बघितला. तो किती वेळ उभा राहायचा आणि देवाशी काय बोलायचा, हे विचारायचं मला कधी धाडस झालं नाही.